हप्त्याची तारीख

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा नकाशा दोन्ही पोचलं. टेक्सासातली जमीन, अकरा मित्र, प्रत्येकाचा एक हिस्सा आणि जाड लाल रेघेनं काढलेला हायवे. तो हायवे झालाय की व्हायचाय, ते नकाशावर कुठं दिसलं नाही. तुझं वाक्य मात्र ठळक आहे : "काका, जमिनीचा भाव कधी खाली येत नाही." माझी एकतीस वर्षं बँकेच्या कर्ज खात्यात गेली. हे वाक्य म्हणणारी माणसं टेबलाच्या पलीकडे पुष्कळ बसून गेली. त्यातली बरीचशी हुशार होती, पंचाईत तिथंच आहे.

तू हो की नाही एवढंच विचारलंस. ते मी सांगणार नाही. पण तू फिलाडेल्फियापासून पाऊण तासावर राहतोस, तेव्हा तुझ्याच गावाकडच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी लेकीकडे आलो होतो तेव्हा त्याच्या नादी लागलो, अजून सुटलेलो नाही.

रॉबर्ट मॉरिस. जन्म 1734, लिव्हरपूलचा. पोरवयात अमेरिकेत आला, जहाजांच्या व्यापारात मोठा झाला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, पहिल्या संघराज्याचा करार आणि पुढची राज्यघटना, तिन्हींवर सही असलेली माणसं दोनच : एक रॉजर शर्मन, दुसरा हा. 1781 साली, इंग्रजांशी युद्ध चालू असताना, तिजोरीत खडखडाट होता आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, नोटा कुणी हातात धरत नव्हतं, तेव्हा यानं अर्थखातं घेतलं. वॉशिंग्टनची फौज निर्णायक लढाईला यॉर्कटाउनकडे निघाली ती बरीचशी याच्या शब्दावर. त्यानं स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि बाजारात त्या चालल्या. म्हणजे सरकारची पत संपली होती आणि या एका माणसाची शाबूत होती. अशी सही असलेला माणूस माझ्या टेबलापुढं आला असता, तर मी उठून उभा राहिलो असतो.

युद्ध संपलं आणि त्याला जमिनीनं धरलं. तसं ते सगळ्यांनाच धरलं होतं. देश नवा, पश्चिमेला अफाट रान, युरोपातून लोंढे येणार हे दिसत होतं. 1793 साली नव्या राजधानीसाठी प्लॉट पाडले होते. वॉशिंग्टन शहर म्हणजे तेव्हा शेतं, झाडी आणि नकाशा. मॉरिस, जेम्स ग्रीनलीफ आणि जॉन निकल्सन या तिघांनी त्यातले 6,000 प्लॉट उचलले. भाव 80 डॉलर. पैसे सात वार्षिक हप्त्यांत, बिनव्याजी. अट एवढीच की दरवर्षी ठराविक संख्येनं विटांची घरं बांधून द्यायची. "बिनव्याजी सात हप्ते" हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला. मुंबईतल्या होर्डिंगवर कालच पाहिल्यासारखं वाटलं!

हप्ते भरायचे कुठून? बेत असा की हॉलंडच्या सावकारांकडून कर्ज काढायचं आणि प्लॉट चढ्या भावानं पुढं विकायचे. 1795च्या सुरुवातीला फ्रेंच फौजा ॲम्स्टरडॅममध्ये शिरल्या आणि तो झरा आटला. फिलाडेल्फियात बसलेल्या माणसानं यात काय करायचं? मॉरिसनं त्याच वर्षी आणखी मोठी कंपनी काढली. नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी, सहा राज्यांतली मिळून सुमारे 60 लाख एकर, 100 डॉलरचा एक असे 30,000 शेअर आणि वर्षाला 6 टक्के हमखास. हमखास कशातून, ते मला अजून कळलेलं नाही. रान व्याज देत नाही, त्यावरचा कर मात्र दरवर्षी येतो.

मग ते झालं जे मी बँकेत पाहिलंय. मॉरिसनं वचनचिठ्ठी लिहायची, तिच्या पाठीवर निकल्सननं सही करायची. निकल्सननं लिहायची, मॉरिसनं सही करायची. आमच्याकडे अमक्याला तमका जामीन आणि तमक्याला अमका जामीन अशी प्रकरणं आली की आमचे एक जुने साहेब फाईल न उघडता परत पाठवायचे. म्हणायचे, "दोघांत मिळून माणूस एकच आहे." फिलाडेल्फियाच्या बाजाराला ते कळायला दोन-एक वर्षं लागली. ज्या सहीवर फौज चालली होती, तिच्या चिठ्ठ्या डॉलरला काही सेंटांत मिळू लागल्या.

शेवटचे महिने त्यानं स्कुलकिल नदीकाठच्या बंगल्यात कोंडून घेऊन काढले. घेणेकरी बाहेर हिरवळीवर मुक्काम ठोकून, शेकोट्या पेटवून बसलेले. आज तिथं फेअरमाउंट पार्कमधलं लेमन हिल आहे, मुलांना घेऊन तुम्ही जाता तेच. चेस्टनट स्ट्रीटवर संगमरवराचा वाडा अर्धवट राहिला होता. राजधानीचा आराखडा काढणाऱ्या लांफांलाच त्यानं तो बांधायला दिला होता. लोक त्याला मॉरिसचा वेडेपणा म्हणायचे. फेब्रुवारी 1798मध्ये त्याला कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं. देणं सुमारे 30 लाख डॉलर.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियात आला आणि तुरुंगात जाऊन मॉरिसबरोबर जेवला. मला हे चित्र पुसता येत नाही. एकेकाळी राष्ट्राध्यक्ष असताना तो मॉरिसच्याच घरात भाड्यानं राहिला होता. आता घरमालक कोठडीत आणि भाडेकरू पाहुणा. काय बोलले असतील दोघं?

तुझा मुद्दा इथंच सुरू होतो. मॉरिसचा अंदाज चुकला होता का? अजिबात नाही. राजधानी तिथंच उभी राहिली. त्याच्या 80 डॉलरच्या प्लॉटांवर आज काय उभं आहे ते तूच बघून आलायस. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात त्यानं डच सावकारांना 30 लाख एकरांहून जास्त जमीन विकली, तिच्यावर पुढं बफेलो शहर वसलं. त्यानं जे जे पाहिलं, ते ते झालं. फक्त तो तुरुंगात होता तेव्हा पुरतं झालं नव्हतं, आणि 1806 साली गेला तेव्हाही नव्हतं. जमिनीला थांबायला वेळ होता. हप्ता तारखेला यायचा.

(ती जमीन मुळात कुणाची, हेही लिहून ठेवतो. विकलेल्या जमिनीवरचा सेनेका या तिथल्या मूळ रहिवाशांचा हक्क मोकळा करून देणं मॉरिसच्या अंगावर होतं. 1797 साली बिग ट्री इथं बोलणी झाली तेव्हा तो स्वतः गेला नाही. वाटेत घेणेकऱ्यांनी धरलं असतं, म्हणून मुलाला पाठवलं. सेनेकांनी 1,00,000 डॉलरवर सही केली. या गोष्टीत सर्वांत स्वस्तात कोण सुटलं आणि सर्वांत महाग कुणाला पडलं, ते तूच ठरव.)

मॉरिस एकटा नव्हता. जेम्स विल्सन हा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, घटनेच्या मसुद्यातलं मोठं डोकं. जमिनीच्या कर्जापायी पदावर असतानाच दोनदा तुरुंगात गेला आणि 1798 साली नॉर्थ कॅरोलायनात एका खानावळीच्या खोलीत वारला. पदाचा राजीनामा दिलेला नव्हता.

तू म्हणशील, वॉशिंग्टन तर जमिनीतच मोठा झाला. झाला ना. सतराव्या वर्षी मोजणीदार म्हणून कामाला लागलेला तो माणूस, चांगली माती त्याला चालता चालता कळायची. संतही नव्हता. 1763 साली इंग्लंडच्या राजानं डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी केली, आणि 1767 साली आपल्या मोजणीदाराला यानं पत्र लिहिलं की ही बंदी तात्पुरती आहे, आपलं आपल्यात म्हणून सांगतो, चांगल्या जागा हेरून ठेव. 1799च्या मृत्युपत्राला जोडलेल्या यादीत त्यानं विकाऊ मालमत्तेची किंमत 5,30,000 डॉलर धरली, बहुतेक सगळी जमिनीतच. आणि हाच माणूस 1789 साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला न्यूयॉर्कला निघाला, तेव्हा हातात रोकड नव्हती. अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याकडून 500 पौंड कर्जाऊ घेतले, मग प्रवासाला म्हणून आणखी 100. खंड वसूल होत नव्हता, लांबच्या जमिनीत लोक घुसून बसले होते, त्यांच्यावर दावे लावावे लागत होते. हजारो एकरांचा धनी आणि प्रवासखर्चाला उसने! पण तो तरला. त्याच्या पश्चिमेकडच्या जमिनीचा मोठा भाग लष्करी सेवेच्या हक्कातून आलेला, काही हक्क त्यानं इतर सैनिकांकडून विकत घेतलेले. त्या जमिनीच्या मागं हप्ता नव्हता. भाव यायला वीस वर्षं लागली तर लागली.

खरं सांगू? या सगळ्या मंडळींत मला आपली वाटते ती ॲबिगेल ॲडम्स. नवरा जॉन, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला, वर्षानुवर्षं युरोपात देशाचा वकील म्हणून, पगार वेळेवर नाही. तिनं त्याला सांगून रुमाल, टाचण्या, कापड असला माल मागवला आणि नातेवाइकांच्या दुकानांतून विकला. उरलेला पैसा सरकारी कर्जरोख्यांत घातला. बाजारात ते पडेल भावानं मिळत होते, व्याज मात्र दर्शनी किमतीवर यायचं. जॉनला हे काही पटेना. त्याला गावातली शेजारची शेतं हवी होती, कुंपणाला कुंपण लागून. ती ऐकायची आणि थोडी जमीन घ्यायची, थोडे रोखे. 1790 साली सरकारनं जुनी कर्जं पुऱ्या किमतीला मान्य केली. कायद्यानं विवाहित बाईच्या नावावर काही नसायचं, पण ती त्यातल्या काही पैशाला "माझा" म्हणायची.

तीही एकदा घसरली, म्हणून ती आवडते. 1782 साली व्हरमाँटची 1,650 एकर घेतली. न पाहता. एका नावावर 330 एकरच मिळायची, म्हणून नवरा आणि चार मुलं मिळून पाच नावं लावली. जॉननं लिहिलं, यापुढं व्हरमाँटच्या भानगडीत पडू नकोस. पण ती घसरली तरी दारात कुणी आलं नाही. बुडालंच तर स्वतःचं बुडणार होतं.

आता तुझ्या मेलमधलं शेवटचं वाक्य. ते तू हळूच लिहिलंयस, म्हणून मी दोनदा वाचलं. "बँक सगळ्यांच्या सह्या मागतेय, पण ती फॉर्मॅलिटी आहे."

1818 साली माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसननं मित्राच्या चिठ्ठ्यांवर सही केली. विल्सन केरी निकोलस, माजी गव्हर्नर, त्याची मुलगी जेफरसनच्या नातवाला दिलेली. म्हणजे व्याही-विहिणीतला मामला, नाही कसं म्हणायचं? रक्कम 20,000 डॉलर. पुढच्याच वर्षी मंदी आली, निकोलस बुडाला आणि 1820 साली मेला. त्याला जेफरसनच्याच घरच्या दफनभूमीत पुरलंय. जेफरसनवर आधीचंही कर्ज होतं, सासऱ्याकडून आलेलं, स्वतःच्या हौशीचं. रोजचा खर्च वहीत टिपणारा माणूस, पण बेरजा कधी अंगाला लावून घेतल्या नाहीत. 1826 साली गेला तेव्हा देणं 1,00,000 डॉलरच्या वर होतं. ते कुणी फेडलं? जानेवारी 1827मध्ये माँटिसेलो या त्याच्या मळ्यावर लिलाव झाला आणि त्यानं गुलाम म्हणून ठेवलेली 130 माणसं विकायला निघाली. जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता. मृत्युपत्रानं त्याला मुक्त करायचं ठरलं होतं, त्याच्या बायको-मुलांना नाही. त्यानं उभं राहून ती वेगवेगळ्या घेणाऱ्यांकडे जाताना पाहिली. सही जेफरसनची होती.

माझी गोष्ट याच्यापुढं चिल्लर आहे, तरी सांगतो. तुझ्या काकूलाही पूर्ण माहीत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी एका सहकाऱ्याला पतपेढीत जामीन राहिलो. त्यानं डबा खाता खाता कागद पुढं केला, मी लोणच्याचं बोट पुसून सही केली. नंतर तो दुसऱ्या गावी बदलून गेला आणि हप्ते थांबले. माझ्या पगारातून कपात सुरू झाली, त्रेचाळीस महिने. पगाराच्या पावतीवर तो रकाना यायचा म्हणून मी पावती घरी आणायचो नाही. घरात सांगायचो, ऑफिसात राहिली. माणूस वाईट नव्हता रे. त्याचाही अंदाज बरोबरच असेल, वेळ चुकली.

तेव्हा मला नकाशा नको. कराराची प्रत पाठव, विशेषतः शेवटची दोन पानं, जिथं कुणी हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी काय करायचं ते लिहिलेलं असतं. अकरापैकी तिघांची नोकरी गेली तर त्यांचा हिस्सा आठ जणांवर येतो का, येतो तर किती दिवसांत. घरावर उचलणार आहेस त्या कर्जाचा दर बदलता आहे की कायम. जमिनीवरचा कर वर्षाला किती. आणि सूनबाईनं करार वाचलाय का? तुझं नाही, तिचं उत्तर हवंय. शनिवारी रात्री फोन कर, इकडे रविवार सकाळ असते, मी चहा घेऊन बसलेला असतो.

तुझा,
काका

ता.क. मॉरिसचा तुरुंग केव्हाच पाडला. तेव्हाची प्रून स्ट्रीट म्हणजे आताची लोकस्ट स्ट्रीट, सिक्स्थच्या कोपऱ्याशी. नव्या दिवाळखोरी कायद्यामुळं तो ऑगस्ट 1801मध्ये तिथून बाहेर पडला. पुढची वर्षं घर चाललं ते बायकोला मिळणाऱ्या वार्षिक 1,500 डॉलरवर. मित्रानं डच कंपनीकडून ते तिच्या नावानं मिळवून दिले होते. मृत्युपत्रात मुलाला द्यायला एक सोन्याचं घड्याळ होतं.