टेक्निकल कॅमेऱ्याची पहिली लेन्स: आधी इमेज सर्कल बघ
अरे, इमारतींच्या फोटोंसाठी टेक्निकल कॅमेरा (लेन्स आणि सेन्सर एकमेकांपासून सरकवता येणारा) घेतोयस, तर पहिली लेन्स म्हणून २३ एमएमच्या मागे लागू नकोस. वाइड आहे खरी, पण तिचं इमेज सर्कल, म्हणजे लेन्स पाडते त्या गोल प्रतिमेचा व्यास, ७० मिमी आणि तुझ्या ५४ बाय ४० मिमीच्या सेन्सरचा कर्णच ६७ च्या आसपास, म्हणजे शिफ्टला, लेन्स बाजूला किंवा वर सरकवायला, जागा उरतेच कुठे, आणि शिफ्टच करायचं नसेल तर टेक्निकल कॅमेरा घ्यायचाच कशाला?

रोडेनस्टॉकची ३२ किंवा ४० बघ, दोन्हींचं सर्कल ९० मिमी. ३२ वर आडव्या फ्रेमला हिशोबाने १६ मिमीपर्यंत राइज (वरच्या दिशेची शिफ्ट) निघतो, म्हणजे इमारतीपासून १५ मीटरवर उभा राहिलास तर कॅमेरा जराही वर न झुकवता लेन्सच्या पातळीच्या वर सतराएक मीटर येतं, फोर्टातल्या जुन्या इमारतींना बऱ्याचदा तेवढं पुरतं. पण ३२ जड आणि महाग, मला स्वतःला ४०च आवडते, कडेचे खांब ताणल्यासारखे दिसत नाहीत.

श्नायडरची ३५ एक्सएल सेकंडहँड दिसली की मोह होणारच, छोटीशी आहे, डिस्टॉर्शन जवळपास नाही, पण शिफ्ट केलं की जुन्या सेन्सरवर रंगाची छटा चढते, मग दर शिफ्टला लेन्ससमोर पांढरी प्लेट धरून एलसीसी शॉट, म्हणजे ती छटा नंतर काढायला लागणारा संदर्भ फोटो, घ्यायचा. आणि हो, लेन्सला कोपल शटर (लेन्समध्येच बसवलेलं यांत्रिक शटर) असेल तर सगळ्या स्पीडला वाजवून बघ, एक सेकंदाला रेंगाळतंय का ते, कारण नवीन आता बनत नाहीत.