जादू, व्यापार आणि राजकीय डावपेच असलेल्या कादंबरीसाठी सांगलीची हळदपेठ नमुना म्हणून वापरता येईल का?

होय, वापरता येईल. मात्र सत्तेचे केंद्र दरबारात न ठेवता साठ्यावर ठेवावे. सांगलीत हळदीच्या अडतीवर काही वर्षे हिशेब लिहिल्यामुळे हे सांगतो. सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या हरिपुरात हळद पेवांत, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट रुंद असलेल्या जमिनीखालील खड्ड्यांत, साठवली जात असे. तोंड मातीने बंद केल्यावर आतला प्राणवायू संपत जाई, त्यामुळे कीड लागत नसे आणि व्यापारी भाव चढेपर्यंत माल वर्षानुवर्षे थांबवू शकत असे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते, म्हणून आधी कंदील आत सोडून तो विझतो का ते पाहत (कादंबरीकाराला याहून चांगला प्रसंग आयता मिळणे कठीण). पेव कोणाचे, त्यात माल किती आणि ते कधी उघडणार, एवढ्या माहितीवर राजाही कर्जदार होऊ शकतो. तुमच्या जादूने भाव आधी कळत असतील, तर मात्र हा सगळा डाव कोसळेल. तिला मर्यादा घालाच. शिवाय पेवही अभेद्य नसते: २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचे मोठे नुकसान झाले होते.