मुलगा रनिंग बॅक, व्हिसा एच-४ : कोणती ऑफर घ्यावी?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहतो. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मुलगा त्यांच्या आधाराने मिळणाऱ्या एच-४वर, आणि ग्रीन कार्डाची रांग काही संपत नाही. मुलगा सतरा वर्षांचा, हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. मधल्या फळीतल्या एका विद्यापीठाने त्याला पूर्ण स्कॉलरशिप तोंडी देऊ केली आहे. दुसरं एक बडं विद्यापीठ ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, ये म्हणतंय. मुलाला बडंच हवं. त्याचे कोच म्हणतात, अ‍ॅश्टन जेंटी याच गावातून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला, हाही जाईल. यजमानांचं म्हणणं, हे खूळ पुरे, कॉम्प्युटर सायन्स घे. अभ्यास बरा आहे, जीपीए ३.६. त्याच्या खेळाचा व्हिडिओ सोबत पाठवते. काय करावं? – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

कोचनी जेंटीचं उदाहरण दिलं ते खरं आहे, पण अर्धंच सांगितलं. जेंटी तुमच्या फ्रिस्कोच्याच लोन स्टार हायस्कूलचा. पण तो गेला आयडाहोतल्या बॉइझी स्टेटला, म्हणजे तुमच्या मुलाला पहिली ऑफर आली आहे तशाच मधल्या फळीत. तिथे त्याला बॉल मिळाला. २०२४च्या मोसमात ३७४ वेळा बॉल घेऊन तो २,६०१ यार्ड धावला, हाइझमन ट्रॉफीच्या (वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू) मतदानात दुसरा आला आणि २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजातले खेळाडू निवडतात तेव्हा, लास व्हेगास रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. मध्यंतरी जास्त पैसे देऊ करणारी विद्यापीठं होती, तरी तो जागचा हलला नाही. जेंटीचं नाव घ्यायचंच, तर ते पहिल्या ऑफरच्या बाजूने पडतं.

आता रनिंग बॅक या जागेबद्दल थोडं कडू बोलते. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, पस्तिशीतही खेळतो. रनिंग बॅक मात्र दर वेळी बॉल छातीशी धरून शंभर-दीडशे किलोच्या माणसांच्या गर्दीत घुसतो. वेगवान गोलंदाजाची षटकं मोजतात तशा याच्या बॉल घेऊन मारलेल्या धडका मोजल्या जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच कॉलेजातच खर्ची पडतात. एनएफएलच्या टीमना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून २०२२ आणि २०२४ या दोन्ही ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. वरच्या गटात, एफबीएसमध्ये, १३०हून जास्त विद्यापीठं आहेत. प्रत्येकात अर्धा डझन रनिंग बॅक धरा, आणि वर्षाला ड्राफ्टमध्ये जातात ते वीस-पंचवीस. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरला पहिल्या फेरीतला माल समजत होते. २०११ मध्ये त्याचा एक गुडघा गेला, २०१२ मध्ये दुसरा. चौथ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोने घेतला खरा, पण एकही सामना न खेळता २०१४ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे तो आपल्याच विद्यापीठात खेळाडूंना घडवण्याच्या कामावर परतला, ही त्यातली चांगली गोष्ट.

याचा सरळ अर्थ असा की या जागेवरच्या बहुतेक मुलांची खेळातली कमाई कॉलेजातच होते, नंतर नाही. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे करार, म्हणजे एनआयएल, करता येतात. २०२५ मध्ये कोर्टातल्या समझोत्यानंतर विद्यापीठंही आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. आणि इथेच तुमच्या घरची गोष्ट शेजारच्या घरापेक्षा वेगळी होते. तुमच्या पत्रात व्हिसाचा उल्लेख एका ओळीत आलाय. माझ्या मते अख्ख्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच.

एच-४वरच्या मुलाला अमेरिकेत काम करून कमावता येत नाही. बायकोला काही अटींवर वर्क परमिट मिळतं, मुलांना नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही, तर वयाच्या हिशेबात थोडीफार सूट मिळू शकते, नाहीतर मुलगा तुमच्या अर्जातून बाहेर पडतो आणि त्याला बहुधा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. एफ-१वर स्कॉलरशिप चालते, परदेशातून आलेली कितीतरी मुलं अशीच खेळतात. पण जाहिरातीचे पैसे आणि विद्यापीठाकडून थेट मिळणारे पैसे घेतले की व्हिसाच्या अटी मोडल्या, असं ठरण्याचा धोका असतो. केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिबवे काँगोतून आलेला, एफ-१वर. २०२२ मध्ये टीम बहामाजला गेली, तेव्हा अमेरिकेबाहेर असल्याचा फायदा घेऊन त्याने तिथे जाहिरातींची कामं उरकली. इतक्या खटपटी कराव्या लागतात. शिवाय हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं झाल्याखेरीज एनएफएलच्या ड्राफ्टला उभंच राहता येत नाही. मॉरिस क्लॅरेटने २००४ मध्ये कोर्टात जाऊन पाहिलं, अपिलात हरला. म्हणजे ड्राफ्टचं दार उघडायच्या सुमारालाच तुमच्या मुलाचा एच-४ संपणार.

म्हणून आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, कोचकडे नंतर. तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) आणि मुलाची जन्मतारीख त्याच्यासमोर ठेवा. आणि मुलाला सांगून ठेवा, गावातल्या दुकानाने फुकट बूट देऊन इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला सांगितलं, तरी वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. मुलं यातच फसतात.

कमाई अशी अडकलेली असताना हातात काय उरतं? फी, राहणं, जेवण, पुस्तकं. सरकारी शिक्षणमदत एच-४वाल्याला मिळत नाही, पण विद्यापीठाची अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप मिळते. तुमच्या घरासाठी तीच खरी रक्कम. दुसऱ्या ऑफरमध्ये ती नाही. ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ हे नाव मोठं गोड आहे; अर्थ एवढाच, की टीममध्ये जागा बहुधा मिळेल, फी तुम्ही भरा. त्यातही समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉलसाठी आता जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. आधी स्कॉलरशिप ८५ असायच्या आणि वर वॉक-ऑन हवे तितके. आता कात्री लागली की ती आधी त्यांच्यावरच चालते.

तेव्हा माझं मत पहिल्या ऑफरच्या बाजूने आहे. मात्र ती अजून तोंडी आहे. तोंडी ऑफर कोणालाच बांधत नाही. कोच दुसरीकडे गेला की त्याने दिलेला शब्दही त्याच्याबरोबर गेला. सही होईस्तोवर बाकीची दारं बंद करू नका.

व्हिडिओ पाहिला. मुलगा सुंदर पळतो, कट घेताना, म्हणजे झटकन दिशा बदलताना, वेग कमी होत नाही. पण सगळा व्हिडिओ टचडाउनचा, म्हणजे गुण मिळवल्याचा, आहे. कॉलेजच्या कोचला आणखी काहीतरी बघायचं असतं. शेवटाकडे एक प्रसंग आहे : बॉल क्वार्टरबॅककडे, मधल्या फटीतून समोरच्या बचावातला लाइनबॅकर सुसाट येतोय, आणि तुमचा मुलगा डोकं खाली घालून त्याच्या पायांत झेपावतो. लाइनबॅकर त्याच्यावरून उडी मारून क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो. तिथे डोळे वर ठेवून, गुडघे वाकवून, दोन्ही हात त्याच्या छातीवर टेकवून उभं राहावं लागतं. डोकं खाली घालणं तर मानेच्या दृष्टीनेही वाईट. नवी मुलं पहिलं वर्ष बाकावर काढतात ती बहुतेक वेळा याच कारणाने, पळता येत नाही म्हणून नव्हे. या उन्हाळ्यात वजनं उचलण्याइतकाच वेळ यावर घालवू दे, आणि नव्या व्हिडिओत ब्लॉक आणि झेललेले पास आधी टाका.

यजमानांचं कॉम्प्युटर सायन्स यात बसतं, पण फुकट बसत नाही. नियमाने सरावाचे तास आठवड्याला २०. मीटिंग, फिजिओ, प्रवास धरले की प्रत्यक्षात बरेच जास्त. दुपारच्या लॅब आणि प्रॅक्टिस एकमेकांवर येतात, मग सल्लागार मुलांना हळूच सोप्या विषयाकडे वळवतात. म्हणून विद्यापीठाला भेट द्याल तेव्हा थेट विचारा : सध्याच्या टीममध्ये कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग करणारा कोण आहे? असेल तर मुलाला त्याच्याशी बोलू द्या. एकही नसेल तर काय समजायचं ते समजाच.

हे पुढचं ईमेलवर मागा, फोनवर नको. स्कॉलरशिप किती वर्षांची? दुखापत झाली किंवा कोच बदलला तर ती टिकेल का? डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावर, २०२४च्या ऑगस्टपासून खेळातल्या दुखापतीचा उपचारखर्च खेळ संपल्यावरही किमान दोन वर्षं विद्यापीठाने द्यायचा असा नियम आहे. तो कसा मिळतो, कोणाकडे अर्ज करायचा, हेही विचारा. डोक्याला मार लागल्यावर मैदानावर परत पाठवायचं कोण ठरवतं, डॉक्टर की आणखी कोणी? या एका प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर मी ती ऑफर सोडेन, स्कॉलरशिप पूर्ण असली तरी.

एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एलिजिबिलिटी सेंटरची नोंदणी झाली आहे का ते पत्रात नाही. सोळा कोअर विषय लागतात, त्यांतले दहा सीनियर, म्हणजे शाळेचं शेवटचं, वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. शाळेच्या काउन्सेलरकडून त्याची यादी याच आठवड्यात तपासून घ्या. एखादा विषय राहिला असेल, तर अजून समर स्कूल हाताशी आहे.