गावाचा आकडा चांगला, मग वाडी मागे का?

प्रश्न : आमच्या गावात गेल्या वर्षी दहापैकी नऊ बाळंतपणं दवाखान्यात झाली, म्हणून तालुक्याच्या बैठकीत कौतुक झालं. पण डोंगरालगतच्या धनगरवाड्यातली बाळं कमी वजनाची आणि बायकांच्या अंगात रक्त कमी. ग्रामपंचायतीची तिजोरी लहान. सुरुवात कुठून करावी?
— ग्रामपंचायत सदस्या, राजापूर तालुका

उत्तर : टक्केवारी बाजूला ठेवा आणि वाडीवार नावं काढा. वर्षाला पंधरा-वीस बाळंतपणं होणाऱ्या गावात दोन घरी झाली तरी आकडा नव्वदच्या आसपास राहतो. त्या दोघी एकाच वाडीच्या असल्या, तर ते तालुक्याच्या अहवालात कधीच दिसणार नाही.

आशाताई, अंगणवाडीसेविका आणि उपकेंद्राच्या परिचारिका यांना एकत्र बसवून तिघींची रजिस्टरं ताडून पाहा. प्रत्येक गरोदर बाईची नोंदणी 12 आठवड्यांच्या आत झाली का, किमान 4 तपासण्या झाल्या का, शेवटचं हिमोग्लोबिन किती आणि कोणत्या तारखेचं, लोहाच्या 180 गोळ्या हातात पडल्या का, बाळाचं जन्मवजन किती, एवढं पुरे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं असतं. दूरच्या वाडीत नेमक्या मधल्या भेटी गळतात.

रजिस्टर वाचतानाही डोळे उघडे ठेवा. जन्मवजनाच्या रकान्यात 2.5 किलो पुन्हा पुन्हा दिसलं, तर वजन अंदाजे लिहिलं असण्याचा संशय घ्या. कमी वजनाची रेषा तिथेच आहे. एकाच बाईचं हिमोग्लोबिन तीन तपासण्यांत अगदी तेच असेल, तर जुना आकडा उतरवला गेलेला असू शकतो. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्तक्षय, 7 च्या खाली तातडीने रुग्णालय. गोळ्या मिळूनही रक्त वाढत नसेल, तर गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली जाते का ते विचारा. दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही.

यादीतून सुटतात त्या बाहेरच्या बायका. सातव्या महिन्यात मुंबईहून माहेरी आलेली लेक, आंब्याच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी कुटुंब, रायगडात वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं. अशा बाईकडचं माता-बाल संरक्षण कार्ड मागा, त्यावरचा नोंदणी क्रमांक घ्या आणि तोच पुढे चालवा. नवी नोंदणी केलीत की ती इथे दुसऱ्यांदा मोजली जाते आणि तिकडे ‘तपासणी सोडलेली’ ठरते. लोकसंख्येवरून गरोदर बायकांचा अंदाज काढायचं सूत्र आपल्याकडे जपून वापरा. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या घटलेली होती. घरं मोजणंच खरं.

आता पैसा. जे फुकट मिळायलाच हवं, त्यावर पंचायतीने एक रुपया घालू नये. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचं वाहन विनामूल्य आहे. आजारी बाळालाही वर्षभर. अडतं ते पुढे: 102 ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, वाडी त्याच्या वर असते. त्या टप्प्यासाठी ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचे वार्षिक 10,000 रुपये वापरा. पंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के हिस्साही याच यादीशी जोडा. मार्चअखेरीस घाईने खर्ची टाकला तर तो वाडीपर्यंत पोचत नाही. मुलं जुलाबाने खंगत असतील, तर वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेचा बंधित (फक्त त्याच कामाला वापरता येणारा) निधी आधी त्या वाडीच्या नळाकडे वळवा.

ठरावात ‘आरोग्य सुधारणा’ असं मोघम लिहू नका. ‘धनगरवाड्यातील गरोदर महिलांची दर महिन्याच्या 9 तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात ने-आण’ असं लिहा. त्या दिवशी डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. पावसाळ्यात ज्यांची तारीख आहे त्यांची नावं मे महिन्यातच वेगळी काढा. ग्रामसभेत मात्र फक्त वाडीवार संख्या वाचा. कोणाचं रक्त किती, हे चारचौघांत सांगायचं नाही.

प्रश्न : मातृवंदना योजनेचा अर्ज मंजूर दिसतो, पण पैसे खात्यात नाहीत.
— आशा कार्यकर्ती, अलिबाग तालुका

उत्तर : बहुतेकदा गोम आधार जोडणीत असते. बँकेत आधारची प्रत देणं वेगळं आणि सरकारी लाभ थेट जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं वेगळं. जे खातं शेवटचं जोडलं गेलं, पैसे तिथेच जातात. ते कधी माहेरचं जुनं खातं निघतं. आधी कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे ते पाहा. मग आधारवरचं माहेरचं नाव आणि पासबुकातलं सासरचं नाव जुळतंय का बघा. पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये आहेत. दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि लसीकरणाच्या पहिल्या फेरीनंतरच निघतो, म्हणून जन्मदाखल्याला उशीर करू नका. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकदम 6,000.