बिघडलं नाही म्हणून दिसलं नाही

प्रश्न : ऑफिसात आमच्या एक सीनियर ताई आहेत, कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतात. नवे साहेब म्हणतात यांचं पद काढलं तरी चालेल, कधी काही प्रॉब्लेम तर येतच नाही! ताई गप्प बसतात. मी बोलू का, की त्या गेल्यावरच सगळ्यांना किंमत कळणार?

उत्तर : बोला, आणि आत्ताच बोला. गेल्यावर कळेल हे धरून चालू नका, बिघडायला लागलं की खापर नव्या माणसावर फुटतं, जुन्याची आठवण कुणाला येत नाही. प्रॉब्लेम येत नाही हेच तर ताईंचं काम आहे हो, पण जे घडलंच नाही ते दाखवणार कसं? वायटूके आठवतंय का? जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे असायचे, ९९ नंतर ०० आलं की मशीन ते १९०० धरेल अशी भीती, म्हणून जगभर प्रोग्रामर लोक कित्येक वर्षं जुना कोड तपासत बसले. १ जानेवारी २००० ला किरकोळ गडबडी सोडल्या तर सगळं सुरळीत, आणि लोक म्हणाले काय, उगाच बाऊ केला! मला याचं अजून वाईट वाटतं.

आता नुसते आकडे पुढे टाकूनही भागत नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, कारण ते शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे जायचे. मृत्यूचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वरून दोनच्या आसपास आलं, तरी बड्या डॉक्टरांनी मानलं नाही. मानलं तर आपल्याच हातांनी बायका दगावल्या हे कबूल करावं लागणार होतं ना. त्यात सविस्तर पुस्तक त्याने लिहिलं ते १८६१ मध्ये, म्हणजे फारच उशिरा.

म्हणून साहेबांना 'तुम्हाला कदर नाही' असं तोंडावर म्हणू नका, ते अजून अडून बसतील. महिन्याभरात ताईंनी काय काय आधीच पकडलं ते लिहून काढा, डिस्क भरत आली होती, बॅकअप चालू दिसत होता पण रिस्टोअर होत नव्हता (म्हणजे त्यातून डेटा परत मिळत नव्हता), असलं. आणि हे पद काढलं तर हे कोण बघणार एवढंच विचारा. फक्त आधी ताईंना विचारून घ्या, त्यांच्या परस्पर काही करू नका.