खांद्याची शस्त्रक्रिया आणि करोनाचा हिवाळा (जानेवारी २०२१) : फिजिओथेरपीसाठी बाहेर केव्हा पडावे?

आपल्या आईच्या उजव्या खांद्यातील फाटलेल्या रोटेटर कफची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन तिसरा आठवडा सुरू आहे, फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर व्यायाम दाखवतात, शेजारच्या काकू मात्र ‘हात आत्ताच चालवला नाही तर कायमचा आखडेल’ असे बजावतात, आणि करोनाच्या धास्तीने आई कोथरूडच्या घराचा उंबरा ओलांडायला तयार नाहीत. अशा वेळी त्यांना आग्रह करून दवाखान्यात न्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, आत्ता आग्रह करू नये. सहाव्या आठवड्यानंतर मात्र अवश्य करावा आणि त्याची तयारी आजपासून ठेवावी. माझा डावा खांदा २०१६ मध्ये शिवला गेला. उजव्याची तारीख मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुढे ढकलली गेली आणि अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा नंबर लागला. एकच शस्त्रक्रिया दोन अगदी वेगळ्या काळांत अनुभवली असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते. आपल्या सर्जननी लेखी सूचना दिल्या असतील आणि त्या माझ्या लिहिण्याशी जुळत नसतील, तर अर्थातच त्याच प्रमाण मानाव्यात, कारण फाट किती मोठी होती आणि शिवण किती ताणाखाली आहे हे फक्त त्यांनी पाहिलेले असते.

रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या गोलाला चहूबाजूंनी धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे. त्यांपैकी वरच्या बाजूची, हात बाजूला उचलायला लागणारी कंडरा सर्वाधिक वेळा फाटते. शस्त्रक्रियेत हाडामध्ये बारीक खिळ्यांसारखे अँकर बसवून तिला पुन्हा हाडाशी बांधतात. मात्र तेवढ्याने ती हाडाला जुळत नाही. पहिले सहा आठवडे सगळा भार बहुतांशी टाक्यांवर असतो आणि कंडरा हाडाशी पुरेशी घट्ट धरायला साधारण तीन महिने लागतात. टाके घातलेली कंडरा पुन्हा सुटते ती बहुतेक वेळा या सुरुवातीच्या काही महिन्यांतच. दुखणे कमी झाले म्हणजे जोड पक्का झाला असे मुळीच नसते. किंबहुना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, वेदना ओसरल्यावर माणूस चहाचे पातेले उचलायला हात पुढे करतो, म्हणून हाच काळ मला अधिक जोखमीचा वाटतो. काकूंची भीती निराधार नाही, कारण खांदा आखडतो हे खरे आहे आणि मधुमेहींमध्ये तो अधिक आखडतो. पण आखडलेला खांदा बहुतेकदा पुढील काही महिन्यांत मोकळा करता येतो, तर सुटलेली कंडरा व्यायामाने परत चिकटत नाही.

म्हणून या टप्प्यावर जे करायचे असते ते थोडे आणि साधे असते. स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, काढून कोपर, मनगट आणि बोटे हलवणे, मूठ उघडणे-मिटणे, आणि सर्जननी परवानगी दिली असेल तर पुढे वाकून हात सैल सोडून लोलकाप्रमाणे हलकेच झुलू देणे, ज्यात खांद्याचा स्नायू स्वतः काम करत नाही. एवढे व्हिडिओवर उत्तम शिकता आणि तपासता येते. फक्त फोन हातात धरून दाखवू नये. तो कमरेच्या उंचीवर, बाजूने, खिडकीच्या उजेडात ठेवावा आणि खांदा उघडा राहील असे कपडे घालावेत, नाहीतर समोरच्याला शालीशिवाय काही दिसत नाही.

सहाव्या आठवड्यानंतर चित्र पालटते. तेव्हा दुसऱ्याने हात धरून उचलण्यापासून स्वतः उचलण्याकडे जायचे असते, आणि खांदा खरोखर वर जातो आहे की मानेजवळचा स्नायू आवळून नुसता उचलल्यासारखा दिसतो आहे, हे फिजिओथेरपिस्टच्या हाताला जसे कळते तसे पडद्यावर कळत नाही. सांधा कुठे अडतो, तो अडथळा दुखण्याचा आहे की आखडण्याचा, हेही हात लावूनच समजते. साधारण बाराव्या आठवड्यानंतर रबरी पट्ट्यांनी ताकदीचे व्यायाम सुरू होतात, तेव्हा पुन्हा काही वेळा समक्ष जावे. संसर्गाची जोखीम पत्करून बाहेर पडायचेच असेल, तर ती या दिवसांसाठी राखून ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. हे लिहिताना, जानेवारी २०२१ मध्ये, पुण्यातील रुग्णसंख्या सप्टेंबर २०२० च्या मानाने बरीच उतरली होती आणि १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरणही सुरू झाले होते, त्यामुळे फेब्रुवारीत जाणे त्या दिवसांपेक्षा सोयीचे ठरेल असे दिसत होते. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, थंडीमुळे बंद ठेवलेल्या खिडक्या उघडायला सांगावे आणि दोघांनीही मास्क लावावा. हे मागताना संकोच नको.

एका गोष्टीसाठी मात्र सहा आठवडे थांबू नये. जखमेतून स्राव येणे, लाली पसरत जाणे, बोटे बधिर किंवा निळसर होणे, पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. करोनाच्या काळात रुग्णालयाच्या भीतीने अशी लक्षणे अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. तापाचा मामला थोडा अवघड आहे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल नियमित चालू असेल तर ताप झाकला जातो, त्यामुळे ‘ताप नाही, म्हणजे करोना नाही’ हा हिशेब या काळात चालत नाही; खोकला, वास न येणे, अंग मोडून येणे यांकडे लक्ष द्यावे. ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्र, डाव्या हाताच्या बोटाला लावावा आणि तोही बोट चोळून गरम केल्यावर, कारण सुजलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर आकडा चुकीचा येऊ शकतो. थंडीत काही दिवशी पारा बराच उतरतो, तेव्हा पहाटेचा आकडा पाहून घर हादरवू नये. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी जाता जाता सांगते की, मानेजवळ देतात त्या भुलीच्या इंजेक्शनाने श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याची, एक बाजू काही तास सुस्तावू शकते आणि श्वास अपुरा वाटतो. हे आधी माहीत असले तर या दिवसांत उगाच भलती शंका येत नाही. त्रास जाणवला तर डॉक्टरांना मात्र लगेच सांगावे.

थंडीचा खरा त्रास रात्री होतो. आडवे झाले की खांदा ठणकतो, म्हणून आरामखुर्चीत किंवा पलंगावर पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपावे आणि कोपराखाली अशी उशी ठेवावी की कोपर अंगाच्या मागे जाणार नाही. जड रजई त्या खांद्यावर नको. दोन हलक्या गोधड्या बऱ्या. डोक्यावरून घालायचा स्वेटर कपाटातच राहू द्यावा आणि पुढून उघडणारे कपडे वापरावेत. बाही घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. बर्फाने शेकायला या दिवसांत कुणीच राजी नसते, पण कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकल्यास झोपेपूर्वी आराम पडतो. तेल चोळून मालीश करणे या टप्प्यावर अजिबात नको, मग सांगणारे कितीही वडीलधारे असोत. तंबाखू कोणत्याही रूपात, मिश्रीदेखील, कंडरा जुळण्याच्या आड येते. मधुमेह असेल तर साखर या दिवसांत अधिक वेळा तपासावी.

२०१६ मध्ये भेटायला येणाऱ्यांनी घर भरलेले असे आणि डबेही येत. या वेळी कुणी आले नाही. खरे सांगायचे तर विश्रांती या वेळी अधिक मिळाली, पण कामे अंगावर आली. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, भरलेला कुकर उचलणे ही कामे निदान तीन महिने आईंच्या हाती जाऊ देऊ नका. जवळच्या पोळी-भाजी केंद्राचा आधार घेण्यात कमीपणा नाही. चालायला हरकत नाही, उलट ते हवेच. मात्र स्लिंगमध्ये हात असताना तोल पटकन सावरत नाही, म्हणून वेताळ टेकडीच्या मुरमाड उतारापेक्षा सोसायटीचे आवार किंवा गच्चीवरचे कोवळे ऊन बरे.

दवाखान्यात नेताना रिक्षा टाळता आली तर टाळा, कारण पुण्यातील गतिरोधकांचा प्रत्येक धक्का खांद्यात जाणवतो. मोटारीत आईंना डाव्या बाजूच्या आसनावर बसवा, म्हणजे सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येईल आणि उजव्याला त्याचा जाच होणार नाही. मांडीवर उशी घेऊन हात तिच्यावर टेकवावा. करोनाची लस घेताना तीही डाव्या दंडावरच घ्यावी आणि टोचणाऱ्यांना शस्त्रक्रियेबद्दल आधीच सांगावे.