एचआरला ‘मीच का’ विचारू नका, ‘किती आणि कधी’ विचारा

पत्र:

‘एकाच कंपनीत ११ वर्षं काढली. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी १५ मिनिटांच्या मीटिंगचं निमंत्रण आलं. मॅनेजर खाली मान घालून बसलेला, एचआरच्या बाई कागदावरचं वाचून दाखवत होत्या. तुमचं पद रद्द झालंय, बुधवारपर्यंत राजीनामा टाका, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील. गेल्या वर्षीचं माझं रेटिंग चांगलं होतं. मग मीच का, असं विचारलं तर म्हणाल्या, धोरणात्मक निर्णय. आता मेलला उत्तर नाही. एचआरच्या पोर्टलवर तक्रारीचं तिकीट काढलं की दोन तासांत “निकाली” म्हणून बंद करतात. सहा महिन्यांपूर्वी याच एचआरला मी घरच्या आजारपणाबद्दल विश्वासानं सांगितलं होतं. तेच माझ्यावर उलटलं का? सगळ्या कंपनीला सीसीत ठेवून एक सणसणीत मेल लिहून ठेवलाय. पाठवू का? आणि एचआरमधलीच एक मैत्रीण, जिच्याबरोबर रोज डबा खायचे, तिचा मेसेज आलाय: सॉरी गं, मला काही बोलता येत नाही. तिला काय म्हणू?
– यादीत सापडलेली’

उत्तर:

मेल पाठवू नका आणि राजीनामाही टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण बुधवारच्या आत या दोन गोष्टी घडता कामा नयेत.

आधी राजीनाम्याचं. ‘रेकॉर्ड स्वच्छ राहील’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यात सोय त्यांची आहे. राजीनामा दिला की तुम्ही आपणहून गेलात अशी नोंद होते, आणि कामावरून कमी केल्यावर मिळणारे बरेच हक्क तिथेच संपतात. तुम्ही कोणत्या देशात आहात ते लिहिलेलं नाही, म्हणून दोनचार ठिकाणचं सांगते. ब्रिटनमध्ये दोन वर्षं नोकरी झालेल्याला पद रद्द झाल्याची कायदेशीर भरपाई मिळते, पण स्वतः राजीनामा देणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. जर्मनीत ‘परस्पर संमतीनं’ नोकरी संपवण्याच्या करारावर सही केली, तर बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडकू शकतो. अमेरिकेतही आपणहून नोकरी सोडणाऱ्याला तो बहुधा नाकारतात. भारतात ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला नोकरकपात झाल्यावर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून देय असतो. राजीनामा असेल तर तो नाही. व्यवस्थापकीय पदावरचे बरेच जण या व्याख्येबाहेर राहतात, तेव्हा हुद्द्याचं नाव काय आहे याहून प्रत्यक्षात काम काय करत होतात हे महत्त्वाचं ठरतं. कर्जाबरोबर नोकरी गेल्याचा विमा घेतला असेल तर त्याच्या अटीही काढून वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये स्वेच्छेनं सोडलेली नोकरी वगळलेली असते.

आणि रेकॉर्डचं म्हणाल, तर पुढची कंपनी पडताळणी करते ती मुख्यतः तारखांची, हुद्द्याची आणि फार तर सोडण्याच्या कारणाची. ‘पद रद्द झाल्यामुळे’ हे कारण आज कुणाला खटकत नाही. खटकतं ते ‘कामगिरी असमाधानकारक’. म्हणून पत्रावर नजर ठेवायची ती तिथं. तोंडी ‘पद रद्द’ आणि कागदावर मात्र कामगिरीचा उल्लेख, असं आढळलं तर त्याच दिवशी, गेल्या वर्षीचं रेटिंग जोडून, लेखी हरकत घ्या. महिन्याभरानं घेतलेल्या हरकतीला तितकं वजन राहत नाही.

राजीनामा द्यावा असा एकच प्रसंग मला दिसतो. तुमच्या पदाला कायद्यानं फारसं काही मिळत नसेल, आणि कंपनी त्याहून बरीच मोठी रक्कम फक्त राजीनाम्याच्या बदल्यात देत असेल, तर. तेव्हाही नुसता राजीनामा टाकायचा नाही. आधी करार, त्यात रक्कम, देण्याची तारीख, आणि हा राजीनामा कंपनीच्या सांगण्यावरून दिला आहे असं वाक्य. ते वाक्य लिहायला एचआरच्या बाई कां कू करतील. करू द्या.

बुधवारची मुदत कायद्यानं दिलेली नाही, त्यांच्या वेळापत्रकातली आहे. अमेरिकेत सामूहिक कपातीत चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचे दावे सोडल्याची सही घ्यायची, तर त्याला विचाराला ४५ दिवस आणि सही केल्यावर मागे घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये तडजोडीचा करार स्वतंत्र सल्लागाराचा, सहसा वकिलाचा, सल्ला घेतल्याशिवाय सहसा वैधच होत नाही. उलट काही मुदती तुमच्यावर असतात आणि त्या कुणी आठवण करून देत नाही: जर्मनीत कमी केल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कोर्टात गेला नाहीत तर विषय जवळजवळ संपला. तेव्हा कामगार कायदा पाहणाऱ्या वकिलाला एक तास या आठवड्यातच द्या.

आता एचआर गप्प का, याकडे येऊ. कपातीची यादी बहुधा अशी तयार होते: वित्त विभाग आकडा देतो, इतका खर्च कमी हवा. विभागप्रमुख त्यातून पदं आणि नावं काढतात. एचआर आणि वकील ती यादी तपासतात ती मुख्यतः एकाच प्रश्नासाठी, कोर्टात आपण कुठं अडकू का: एकाच वयाचे लोक जास्त आलेत का, बाळंतपणाच्या रजेवरची कुणी आहे का. मग वकील मीटिंगचा मजकूर लिहून देतात. समोर बसलेल्या बाईंना नावं कधीकधी मीटिंगच्या जेमतेम दोनतीन दिवस आधी कळतात, आणि मजकुराबाहेर एक शब्दही बोलू नका अशी ताकीद असते, कारण बाहेरचं वाक्य उद्या पुरावा होतं. ‘रेटिंगचा प्रश्न नव्हता, तुमचा पगार जास्त होता’ असं त्या बोलल्या असत्या तर तुम्हाला थोडं बरं वाटलं असतं, आणि तुमच्या वकिलाला त्याहून बरं वाटलं असतं. वाढदिवसाला केक आणणारा आणि ‘आपण एक कुटुंब’ म्हणणारा विभाग अशा वेळी दगडासारखा वागतो, याचा संताप येणं रास्तच आहे. पण ‘मीच का’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे बहुधा नसतं, आणि असलं तर द्यायची मुभा नसते. त्यावर खर्च केलेला प्रत्येक मेल वाया.

त्यांच्या हातात काय असतं ते मागा. यादीतून नाव काढणं नसतं. मोठ्या कपातीत भरपाईचं सूत्रही सहसा हलत नाही, कारण एकीला वेगळं दिलं की बाकीचे भेदभावाचा दावा करतील. पण शेवटची तारीख, पत्रातलं कारण, आरोग्य विम्याची मुदत, जॉइनिंग बोनसची वसुली माफ करणं, स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट सैल करणं, लॅपटॉप ठेवू देणं, हे सगळं हलतं. यात सगळ्यात मोलाची शेवटची तारीख. पुढच्या शेअर्सचा हप्ता जर तीन आठवड्यांनी तुमच्या नावावर होणार असेल, तर तारीख महिन्याभरानं पुढं सरकवणं ही एका महिन्याच्या पगारापेक्षा मोठी कमाई असू शकते. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असाल तर नोकरी संपल्यापासून नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तिथं तर बिनकामाचे पण पगारी चार आठवडे जास्तीच्या रोख रकमेहून बरे. फक्त त्या काळात तुम्ही कंपनीच्याच नोकर असता, दुसरीकडे रुजू होता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

पैशांचा कागद समोर आला की आकडे दोन रकान्यांत मांडा. एका रकान्यात जे तुमचं आधीपासूनचं आहे: कामाच्या दिवसांचा पगार, नोटीस काळाचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, खर्चाची बिलं, कायद्यानं ठरलेली भरपाई, भारतात ५ वर्षं पूर्ण झालेली असल्यामुळे ग्रॅच्युइटीही. दुसऱ्यात कंपनी वरून देते ते. सही मागता येते ती दुसऱ्या रकान्यासाठी. पहिला रकाना सहीसाठी अडवून ठेवला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी तो कायद्याचा भंग असतो, आणि नेमकी हीच सरमिसळ ‘एकूण पॅकेज’ या एका ओळीत केलेली सापडते. ‘तीन महिन्यांचा पगार’ म्हणजे मूळ वेतन की सगळे भत्ते धरून, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. काही ठिकाणी दोन्हींत दुपटीचा फरक पडतो. शेअर ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घेण्याचा हक्क, असतील तर नोकरी सुटल्यावर ते शेअर विकत घ्यायची मुदत बहुतेक योजनांत ९० दिवसांच्या आसपास असते. ती उलटली की हक्क जातो, आणि हे पॅकेजच्या पत्रात बहुधा लिहिलेलं नसतं; योजनेच्या मूळ कागदात असतं.

कागदांवरून आठवलं. तुमचा लॉगिन अजून चालू असेल तर स्वतःच्या पगारपावत्या, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, मूल्यमापन, रजेच्या शिल्लकेचा स्क्रीनशॉट, शेअर्सची पत्रं आणि विमा पॉलिसीचा क्रमांक आज रात्रीच उतरवून घ्या. तेवढंच. ग्राहकांची यादी, सादरीकरणं, कोड, ‘मीच तर बनवलंय’ म्हणून स्वतःच्या मेलवर पाठवलेली एक फाइलसुद्धा कंपनीला हवं ते निमित्त देते. बाहेर जाणाऱ्या फाइलींवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर कपातीच्या आठवड्यात विशेष डोळे उघडे ठेवून असतात, आणि मग ‘पद रद्द’चं ‘गैरवर्तन’ व्हायला वेळ लागत नाही, भरपाईही गेली. लॉगिन आधीच बंद झाला असेल तर वरची यादी एचआरकडे लेखी मागा.

तुमच्या सणसणीत मेलऐवजी हा पाठवा, फक्त एचआरच्या संबंधित बाईंना, सीसीत त्यांच्या प्रमुख, आणि गुप्त प्रतीत स्वतःचा खाजगी पत्ता नको:

‘शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझं पद रद्द झाल्याचं आणि मी बुधवारपर्यंत राजीनामा द्यावा असं मला सांगण्यात आलं. मी राजीनामा देत नाही. कंपनीचा निर्णय कारणासह लेखी कळवावा. तसंच पुढील माहिती द्यावी: नोकरीची शेवटची तारीख; देय रकमांचा बाबवार तपशील, हिशेबाचा आधार आणि देण्याची तारीख; कायद्यानं देय रक्कम कोणती आणि वरची कोणती; आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील आणि वैयक्तिक पॉलिसीत बदलण्याची मुदत; शेअर्सची स्थिती. करार वाचण्यासाठी आणि सल्ल्यासाठी मला २१ दिवस हवेत. यापुढचं बोलणं माझ्या खाजगी पत्त्यावर लेखी व्हावं.’

खाजगी पत्ता मजकुरातच द्या. मॅनेजरला शिव्या नाहीत, ११ वर्षांचा पाढा नाही. हा मेल तुम्हाला ओळखत नसलेल्या वकिलानं किंवा अधिकाऱ्यानं वाचावा म्हणून लिहायचा आहे.

उत्तर ‘धोरणानुसार’ असं आलं तर कोणतं धोरण, कोणत्या तारखेचं, ते पान पाठवा, इतकंच विचारा. तिकीट बंद केलं तर नवं काढू नका, त्याच क्रमांकाखाली ‘निकाली निघालेलं नाही’ म्हणून पुन्हा उघडा. नवीन तिकीट काढलं की त्यांची मुदत नव्यानं सुरू होते आणि जुनं निकालात मोजलं जातं, ही त्या यंत्रणेची गंमत आहे. फोन आला तर घ्या, पण तासाभरात ‘आपल्या बोलण्यात असं असं ठरलं, चुकलं असेल तर कळवा’ अशी दोन ओळींची नोंद मेलवर पाठवा. कुठल्याही कागदाची पोच मागितली तर ‘फक्त मिळाल्याची पोच, मान्यता नाही’ असं लिहून तारीख घाला. ई-सहीच्या पानावर असं लिहायची जागा नसते, तिथं बटण दाबूच नका, मेलवर पोच द्या. तुमचंच पद नव्या नावानं पुन्हा जाहिरातीत दिसलं तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. फ्रान्समध्ये तर मागणी केल्यास आर्थिक कारणानं कमी केलेल्याला एक वर्ष पुन्हा नेमणुकीत प्राधान्य असतं. बाकी अनेक ठिकाणी निदान ‘पद रद्द’ हे कारण खरं नव्हतं, असं म्हणायला तो आधार होतो.

आजारपणाचं. एचआरला सांगितलेलं डॉक्टरला सांगितल्यासारखं गुप्त नसतं. ते नोंदवलं जातं आणि वरपर्यंत जाऊ शकतं. पण म्हणून ते तुमच्यावर उलटलंच असं नाही. ठरवायला तारखा लागतील: सांगितलं कधी, कुणाला, त्यानंतर कामं काढून घेतली का, रेटिंग कधी बदललं, त्याच टीममधून आणखी कोण गेलं. एका कागदावर हे मांडा. धागा दिसला तर तो वकिलाला दाखवा, एचआरला नको. युरोपात किंवा ब्रिटनमध्ये असाल तर तुमच्याबद्दल कंपनीकडे असलेली माहिती, त्यात तुमच्याविषयीचे मेलही, मागण्याचा हक्क आहे आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. नुसत्या या मागणीनंही तडजोडीची भाषा मवाळ झालेली दिसते.

जाताना मुलाखत घेतील, ती ऐच्छिक असते. पैसे जमा होईपर्यंत ‘सध्या काही सांगायचं नाही’ एवढंच.

मैत्रिणीला उत्तर द्या: ‘कळतंय. हे मिटलं की बोलू.’ यादी कुणी केली, अजून कोण आहे, हे तिला विचारू नका. तिची नोकरी त्यात जाईल, आणि कंपनीच्या फोनवरचा तुमचा मेसेजही फाइलमध्ये लागेल. हिशेब पूर्ण झाला की मात्र तिला निर्धास्त फोन करा. भरती करणारे लोक कोण, कुठं खरंच जागा आहेत आणि कुठं नुसत्या जाहिराती, हे तिच्याइतकं तुमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.